समितीनं नकाशा परत पाठवलाय, पाया भरून घेऊ का?

ताई,

आम्ही गेल्या वर्षी डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटीत, एका नव्या वसाहतीत अर्ध्या एकराचा लॉट घेतला. निम्मे लॉट अजून रिकामे आहेत. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि पुढच्या वर्षी साताऱ्याहून सासूबाई-सासरे कायमचे येतील. घराचा नकाशा पुण्यातल्या माझ्या मावसभावानं हौसेनं काढून दिला. एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) आर्किटेक्चर समितीनं तो नामंजूर केला. कारणं चार: मुख्य दार रस्त्याकडून दिसत नाही (रस्ता पश्चिमेला, आम्ही दार पूर्वेला ठेवलंय), सासूबाईंच्या खोलीशेजारच्या स्वयंपाकघरामुळे ते ‘दुसरं घर’ ठरतं, सपाट छप्पर चालत नाही (आम्हाला गच्ची हवी होती), आणि पुढच्या अंगणात ‘कायमचं बांधकाम’ आहे. हे बांधकाम म्हणजे चार फुटांचं तुळशी वृंदावन!

समितीतले एक गृहस्थ पोस्टाच्या पेट्यांपाशी ह्यांना भेटले आणि म्हणाले, “तुम्ही काय देऊळ बांधताय का?” तेव्हापासून ह्यांचं डोकं फिरलंय, वकील करू म्हणतात. बिल्डर म्हणतो, सिटीचं पर्मिट आलंय, पाया भरून घेऊ, समिती नंतर मऊ पडते. कर्जाचं व्याज सुरू झालंय. पत्र येऊन बारा दिवस झाले. मला भांडण नको, पण तुळस सोडायची नाही. काय करू?

— मूळची साताऱ्याची

---

आधी बिल्डरचं बघू, कारण सगळ्यात घाई त्याला आहे. पाया भरू नका. अजिबात नको.

सिटीचं पर्मिट आणि एचओएची मंजुरी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सिटी बघते की घर पडणार नाही, वायरिंग पेटणार नाही, सांडपाणी जायचं तिथेच जाईल. एचओएकडे असतो तो करार. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या दिवशी सह्या करून करून हात दुखला होता ना, त्या गठ्ठ्यात तुम्ही तो मान्य केलात. तो जमिनीला चिकटलेला असतो. उद्या तुम्ही लॉट विकलात तर पुढच्या माणसाच्या गळ्यात. सिटी त्यात पडत नाही. (ह्यूस्टनची तऱ्हा निराळी. तिथे झोनिंगच, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे सिटीचे नियमच नाहीत, म्हणून असे काही करार मोडले तर सिटीच कोर्टात जाते. पण तुम्ही ह्यूस्टनला नाही.) खरं तर हल्ली सिटीपेक्षा एचओएच जास्त कडक. घराला वीटच लावा, दगडच लावा अशी सक्ती टेक्ससमधल्या सिट्यांना 2019 च्या कायद्यानं करता येत नाही. एचओएला मात्र करारातून अजूनही करता येते, आणि ती करते.

करार मोडून काम सुरू केलंत तर टेक्ससच्या मालमत्ता कायद्यात कलम 202.004 आहे. त्यानुसार कोर्ट दिवसाला 200 डॉलरपर्यंत भरपाई लावू शकतं. वर एचओए जिंकली की तिच्या वकिलाचं बिलही तुमच्या नावावर. बिल्डर त्यातला एक डॉलर देणार नाही, तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा तरी पाया भरत असेल.

आणि पाया म्हणजे काय ते जरा समजून घ्या, कारण आपल्याकडे स्लॅब म्हटलं की मान वर जाते. इथला स्लॅब पायाखाली असतो. तुमच्या भागातली जमीन काळी आहे, आपल्याकडच्या कपाशीच्या काळ्या मातीच्याच जातकुळीची. पाऊस पडला की फुगते, ऑगस्टमध्ये भेगाळते, भेगेत अख्खा हात जातो. ती घराला हलवते, म्हणून पायाच्या काँक्रीटमध्ये पोलादी केबल घालतात आणि ओतल्यावर काही दिवसांनी जॅकनं ओढून ताणतात. एकेका केबलवर 33,000 पौंडांच्या आसपास ताण असतो. संडास, मोऱ्या, ओटे यांच्या ड्रेनेजचे पाइप त्याच काँक्रीटखाली आधीच गाडलेले. म्हणजे पाया भरला की सासूबाईंची मोरी आणि ओटा कुठे ते कायमचं ठरलं. नंतर समितीनं ‘ओटा काढा’ म्हटलं, तर काँक्रीट कापावं लागेल, आणि कापताना केबल तुटली तर ती सुटलेल्या धनुष्यासारखी उसळते. इथल्या गॅरेजांच्या फरशीवर ‘पोस्ट टेन्शन स्लॅब, कापू नका’ असा शिक्का दिसतो, तो उगाच नाही.

व्याजाचं दुःख मला कळतं. पण बांधकामाच्या कर्जात सहसा उचललेल्या रकमेवरच व्याज लागतं. अजून पाया नाही म्हणजे तुम्ही फार उचललेलं नसणार. आता थांबणंच स्वस्त आहे.

आता त्या बारा दिवसांबद्दल. आज संध्याकाळी चहा झाला की दोन गोष्टी करा. पत्रावर पोस्टाची तारीख कुठली आहे ते बघा. आणि करारात ‘डेव्हलपमेंट पीरियड’ (वसाहत अजून डेव्हलपरच्या हातात असण्याचा काळ) हा शब्द शोधा. 2021 साली टेक्ससच्या विधिमंडळानं कलम 209.00505 आणलं. चाळीसपेक्षा जास्त लॉटच्या वसाहतीत समितीनं अर्ज नाकारला, तर कारण नीट सविस्तर लिहायला हवं, काय बदललं तर मंजूर होईल तेही सांगायला हवं, आणि नोटीस पाठवल्यापासून तीस दिवसांत तुम्हाला एचओएच्या बोर्डापुढे सुनावणी मागता येते. ती मागितली की बोर्डानं तीस दिवसांच्या आत घ्यायची. बोर्डावरचे सभासद, त्यांचा जोडीदार किंवा त्यांच्या घरात राहणारं कुणी या समितीत बसू शकत नाही. ऐकायला छानच आहे. पण डेव्हलपर अजून लॉट विकतोय आणि समिती त्याच्याच हातात आहे, अशा काळात हे कलम लागू होत नाही. तुमच्याकडे निम्मे लॉट रिकामे, म्हणजे बहुतेक हीच परिस्थिती. तरीही सुनावणीची मागणी सर्टिफाइड पोस्टानं पाठवून द्या. पोस्टाच्या खर्चापलीकडे काही जात नाही, आणि कलम लागू असलंच तर तारीख हुकलेली नसते. पत्रात रागाचा एक शब्द नको, फक्त मागणी.

मी चार वर्षं आमच्या वसाहतीच्या अशाच समितीवर होते, म्हणून पलीकडचं टेबल कसं दिसतं ते सांगते. तीन माणसं, मंगळवारची संध्याकाळ, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं टेबल, मध्ये टॉर्टिया चिप्स. एका घराला वीस मिनिटं. आमच्यातला एक निवृत्त विमा एजंट होता, एक शाळेत शिकवायची, आणि मी. नकाशे वाचायला तिघांपैकी कुणी शिकलेलं नव्हतं. आम्ही नियमांच्या यादीवर बोट ठेवून खूण करत जायचो: छपराचा उतार किती, विटा किती टक्के, गॅरेजचं तोंड कुठे, दार कुठे. एकदा मीटरमधला नकाशा आला. विमा एजंटनं तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि म्हणाला, हा पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही तो तळाशीच गेला. मीच शेवटी फोनवर गुणाकार करत बसले.

तुमच्या भावाचे नकाशे मीटरमध्ये आहेत की फुटांत, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला शंका आहे. भावाला आधी फोन करा, कौतुक करा, आणि मग इथल्याच एखाद्या डिझायनरकडून सगळं फूट-इंचांत, सेटबॅकच्या (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेच्या) रेषांसकट पुन्हा काढून घ्या. चारही बाजूंचे एलिव्हेशन (बाहेरून घर कसं दिसेल ती चित्रं), विटेचा खराखुरा नमुना (फोटो नको, फोटोतला रंग कुणी धरत नाही), छपराच्या उताराचा आकडा, पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या लॉटवर जाणार नाही याचा ड्रेनेज प्लॅन, झाडं कुठे लावणार ते. पुण्याच्या नकाशात ‘देवघर’, ‘ओसरी’, ‘परस’ लिहिलेलं असेल, तर समितीच्या प्रतीत त्या खोल्यांना त्यांना कळतील अशी नावं द्या. ‘पूजा रूम’ चालतं, ते आता इथल्या बिल्डरांनाही पाठ झालंय.

आता तुमच्या चार मुद्द्यांकडे येते, पण चारही मुद्दे सारख्या वजनाचे नाहीत. भांडायचं असेल तर एकाच मुद्द्यावर भांडण्याजोगं आहे, आणि तो तुम्ही ओळखलाच आहे.

गच्ची सोडून द्या. तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. आमच्या नकाशातही पहिल्या फेरीत गच्ची होती, जिना लोखंडी, वर पापड-सांडग्यांची खाट. पण सपाट छपराला नकार हा करारात पांढऱ्यावर काळा असतो, त्यात समितीला सूट द्यायची इच्छा असली तरी कारण सापडत नाही. शिवाय विचार करा, जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा शंभर फॅरेनहाइटच्या वर असतो. सांडगे वाळतील, तुम्हीही वाळाल. आणि वसंतात गारा पडतात, त्या सपाट छपरावर पाण्यासकट बसून राहतात. मागच्या बाजूला मोठा पॅटिओ घ्या, अर्धा झाकलेला, अर्धा उघडा. सांडग्यांची सोय झाली.

दाराचं बघू. ‘दार रस्त्याकडून दिसलं पाहिजे’ या नियमाची तुमच्या वास्तुशास्त्राशी काही दुश्मनी नाही. टेक्ससमधली किती तरी आपली मंडळी हाच प्रश्न घेऊन येतात, आणि त्यावर एक जुना तोडगा आहे. रस्त्याकडे तोंड करून खोल ओसरी काढा, दोन खांब, वर छोटं छप्पर, दिवा. ओसरीत शिरलं की दाराची चौकट नव्वद अंशांत वळवायची, म्हणजे उंबरा ओलांडताना तुमचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. रस्त्यावरून बघणाऱ्याला सजवलेला प्रवेश दिसतो, समितीला तेवढं पुरतं. पण तुम्ही दार पूर्वेला ठेवलंय. पूर्वच हवी असेल तर मागच्या परसातलं दार पूर्वेचं ठेवा, रोजचा वापर त्याच दारानं करा, आणि समोरचं पाहुण्यांसाठी असू द्या. सासऱ्यांना गृहप्रवेशाला पूर्वेच्या दारानं घ्या. मंजुरीच्या कागदावर कुठलं दार ‘मुख्य’ हे समितीचं, पूजेत कुठलं मुख्य हे गुरुजींचं.

दुसऱ्या स्वयंपाकघराचं थोडं नाजूक आहे. इथल्या जवळजवळ प्रत्येक करारात ‘एका कुटुंबाचं घर’ असं लिहिलेलं असतं, आणि ज्या भागात चूल आहे, न्हाणीघर आहे आणि बाहेरून वेगळं दार आहे, तो भाग स्वतंत्र घर ठरवायला समितीला फार वेळ लागत नाही. त्यांना भीती असते भाड्याची. उद्या तुम्ही तो भाग भाड्यानं द्याल, समोर चार गाड्या लागतील. तर सासूबाईंच्या खोलीचं बाहेरचं दार काढा किंवा ते पॅटिओत उघडू द्या, चुलीची जागा काढा आणि तिथे सिंक, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह एवढंच ठेवा. त्याला ‘वेट बार’ म्हणा. सकाळी त्यांचा चहा होतो, गरम पाणी होतं, दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये राहतं. आणि फोडणीचं, तळणाचं, माशांचं जे काही असेल ते मुख्य स्वयंपाकघराला लागून एका ‘प्रेप किचन’मध्ये करा. दणकट एक्झॉस्ट हूड लावा आणि त्याचं तोंड छपरावर नाहीतर मागच्या भिंतीतून काढा. ही खोली आता इथल्या मोठ्या घरांत सर्रास असते, अमेरिकन लोकही करून घेतात. अर्जाला एक ओळ जोडा: हे घर एकाच कुटुंबासाठी आहे, कुठलाही भाग भाड्यानं दिला जाणार नाही. तसं खरंच असेल तरच लिहा.

यातच एक विचारते. सासऱ्यांना किंवा सासूबाईंना गुडघ्यांचा, चालण्याचा खराच त्रास आहे का? असेल तर रॅम्प, रुंद दारं, पायरी नसलेलं न्हाणीघर हे सगळं आत्ताच नकाशात घाला आणि अर्जात तसं स्पष्ट लिहा. अपंगत्वामुळे घरात बदल लागत असतील तर फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट (घराच्या बाबतीत भेदभावाला बंदी करणारा कायदा) तुमच्या बाजूनं आहे आणि एचओएला तिथे हात जरा आवरता घ्यावा लागतो.

आता तुळस. टेक्ससच्या कायद्यात कलम 202.018 आहे, 2021 मध्ये ते बरंच रुंद केलं. आधी ते दारावरच्या धार्मिक वस्तूंपुरतं होतं, आता मालकाच्या सगळ्या जागेला लागतं. मनापासूनच्या श्रद्धेनं ठेवलेली धार्मिक वस्तू एचओएला मनाई करता येत नाही. अपवाद आहेत, आणि त्यातला तुमच्या कामाचा एकच: ती बिल्डिंग लाइन, सेटबॅक किंवा ईझमेंटमध्ये (पाइप-तारांसारख्या कामांसाठी राखलेल्या पट्ट्यात) येता कामा नये. पुढच्या अंगणाचा मोठा पट्टा बहुधा सेटबॅकमध्येच असतो, तिथे वृंदावन बांधलंत तर हातातला कायदा तुम्ही स्वतःच सोडलात. शिवाय पक्कं बांधलंत की ही ‘वस्तू’ की ‘बांधकाम’ असा वाद घालायला त्यांना जागा मिळते. म्हणून एक सुचवते: वृंदावन बांधू नका, ठेवा. आणि जागा? तुमचा रस्ता पश्चिमेला, म्हणजे तुमचं परस पूर्वेला. सकाळचं ऊन तिथेच, सासूबाईंच्या खोलीतून दिसेल तिथेच. पुढेच हवी असेल तर सेटबॅकच्या रेषेच्या आत, ओसरीत. नव्या अर्जात तिचा उल्लेख ‘धार्मिक वस्तू, कलम 202.018’ एवढ्या शब्दांत करा आणि साइट प्लॅनवर तिची जागा टिंबानं दाखवा. धमकी नको, कलमाचा आकडा पुरतो. समितीत कुणी वाचला नाही तरी एचओएचा कारभार बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीच्या ऑफिसात कुणी ना कुणी तो आकडा वाचतंच.

राहिले तुमचे यजमान आणि ते देवळाचं बोलणं. त्यांना म्हणावं, संशय चुकीचा नाही. अमेरिकेत असे करार एके काळी कुणाला घर विकायचं नाही हे ठरवायलाच लिहिले जात. 1948 साली सुप्रीम कोर्टानं शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात ठरवलं की तसली वांशिक कलमं कोर्टांनी राबवायची नाहीत, आणि 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यानं धर्म किंवा मूळ देशावरून घराच्या बाबतीत भेदभाव करायलाच बंदी आली. पण आजच्या तारखेला तुमच्या नकाराची चार कारणं चार नियमांवर आहेत, आणि समितीनं करारातला अधिकार वापरला की तो वाजवीच आहे असं टेक्ससचं कोर्ट गृहीत धरतं. तो मनमानी होता किंवा भेदभावाचा होता, हे सिद्ध करायचं तुम्ही. पोस्टाच्या पेटीपाशी बोललेलं एक वाक्य एवढं ओझं उचलत नाही. उगाच विसरूही नका. वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द, शेजारी कोण होतं ते लिहून ठेवा. फेअर हाउसिंगची तक्रार करायला एक वर्ष मिळतं, खटल्याला दोन. आत्ता घाईनं वकील आणलात तर समितीतले बाकीचे, जे कदाचित तुमच्या बाजूचे असतील, तेही तोंड शिवून बसतील आणि पुढचा प्रत्येक कागद एचओएच्या वकिलाकडून येईल. सुधारलेला अर्ज जाऊ दे. त्यातही तुळस नाकारली, किंवा तुमच्या घराला जे नाही म्हटलं ते शेजारच्या घराला हो म्हटलं, तर मग वकील करा. खुशाल करा.

त्या ‘शेजारच्या घराला’ वरून आठवलं. रविवारी सकाळी दोघं मिळून वसाहतीत चक्कर मारा. बाजूला वळवलेली दारं, पोर्चवरचे पुतळे, मेरीची मूर्ती, पुढच्या अंगणातले मोठे कारंजे यांचे फोटो रस्त्यावरून घ्या. त्यातलं काय मंजूर होऊन लागलंय ते मॅनेजमेंट कंपनीला ईमेलनं विचारा. एवढ्या पुराव्यानं वकिलाशिवाय बरीच कामं होतात.

पुन्हा अर्ज दिलात की पोच लेखी घ्या. किती दिवसांत उत्तर यायला हवं आणि नाही आलं तर मंजूर धरायचं की नामंजूर, हे प्रत्येक करारात वेगळं असतं. ती ओळ शोधून तिचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. आणि मंजुरी आल्यावर परस्पर काही बदलू नका. आम्ही एक पिकानचं झाड वाचवायला एसीचं बाहेरचं युनिट उजवीकडचं डावीकडे नेलं, समितीला सांगितलं नाही. मी स्वतः त्या समितीवर होते, तरी काम पाच आठवडे अडकलं. योग्यच केलं त्यांनी.

आणि वृंदावनाला खाली चाकं लावून घ्या. फेब्रुवारी 2021 मध्ये डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे 2 फॅरेनहाइटची नोंद झाली होती, म्हणजे उणे 19 सेल्सियस. बाहेर पक्कं बांधलेल्या वृंदावनातली तुळस त्या थंडीत टिकत नाही. आमच्या ओळखीच्या एका आजींनी तेव्हा चादरीत गुंडाळून कुंडी गॅरेजमध्ये ओढत नेली होती, दिवे गेलेले, मेणबत्तीच्या उजेडात. सासूबाईंना ओढवेल एवढीच कुंडी घ्या.

— ताई